नोंदवहीतलं नाव

मध्यरात्रीनंतर वाजणारा फोन आमच्या घरात कुणी आनंदानं उचलत नाही. त्या रात्री अडीचला वाजला तो मी उचलला. पलीकडे माझी भाची होती, हैदराबादहून. दबक्या आवाजात म्हणाली, "मामू, सुई मैं दी, सही दुसरी की है. कुछ हुआ होता तो मैं कौन थी?"

झालं होतं असं. वॉर्डातल्या एका रुग्णाला तिनं प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत त्याच्या अंगावर गांधी उठल्या, दम लागला. डॉक्टर धावत आले, उपचार झाले, तासाभरात माणूस सावरला. चूक तिची नव्हती. औषध बरोबर होतं, मात्रा बरोबर होती, चाचणीचा डोसही दिलेला होता. पण "इंजेक्शन कुणी दिलं?" हा प्रश्न निघाला तेव्हा चार्टवर सही होती त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर असलेल्या एका सिस्टरची. माझ्या भाचीला सही करायची परवानगीच नव्हती. तीन वर्षांचा जीएनएमचा कोर्स पूर्ण केलेली, महाराष्ट्राच्या परिषदेचं नोंदणीपत्र बॅगेत असलेली ही मुलगी त्या रुग्णालयाच्या कागदावर नर्स नव्हती. 'ट्रेनी' होती.

श्रोतेहो, मी कवितेचा माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि आयुष्यभर शब्दांच्या मात्रा मोजत बसलो. औषधांच्या मात्रांशी माझा संबंध फक्त रुग्ण म्हणून. पण त्या फोननंतर चार-सहा महिने मी भाचीबरोबर कागद गोळा करत हिंडलो. त्यात जे कळलं ते आज तुम्हांला सांगावंसं वाटतं. नर्सिंग शिकणाऱ्या मुली आता केवळ केरळातल्या उरलेल्या नाहीत. आपल्या गल्लीत, आपल्या वाड्यावस्तीवर त्या आहेत. शिक्षण संपलं की कुणी हैदराबादला निघते, कुणी बंगळुरूला, कुणी सुरतेला. त्यांतल्या पुष्कळ जणी माझ्या भाचीनं केली तीच चूक करतात.

ती चूक समजण्यासाठी आपल्या रोजच्या व्यवहारातलं उदाहरण घेऊ. सोलापूरची गाडी 'एमएच १३' असते. ती कायमची हैदराबादला न्यायची झाली तर गाडी तीच, इंजिन तेच. तरी इथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र घेऊन तिथं नव्यानं नोंद करावी लागते. नर्सचंही तसंच आहे. आपलं नोंदणीपत्र राज्याचं असतं. महाराष्ट्रात १९६६च्या कायद्यानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषद नर्सेसची नोंदवही ठेवते. तेलंगणाची परिषद वेगळी, कर्नाटकाची वेगळी, गुजरातची वेगळी. १९४७च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्यानं देशभरासाठी शिक्षणाचा एक दर्जा ठरवला आणि असं तत्त्व घालून दिलं, की मान्यताप्राप्त शिक्षण कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालायला पुरेसं मानावं. म्हणजे सोलापूरला शिकलेल्या मुलीला हैदराबादेत पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. पण तिनं तिथल्या नोंदवहीत नाव मात्र घातलं पाहिजे. शिक्षण तिच्याबरोबर गाडीत बसतं. परवाना आपोआप बसत नाही.

२०२३ साली संसदेनं या क्षेत्रासाठी नवा कायदा केला. त्यात राष्ट्रीय आयोग, राज्यांचे आयोग आणि देशपातळीवरची एक नोंदवही अशी रचना सांगितली आहे. त्याआधीपासून 'नर्सेस रजिस्ट्रेशन अँड ट्रॅकिंग सिस्टीम' नावाच्या संगणकीय व्यवस्थेत प्रत्येक नर्सला आधारशी जोडलेला एक क्रमांक देण्याचं कामही सुरू झालं. पण कायदा पुस्तकात आला म्हणून राज्याराज्यांच्या कचेऱ्यांतल्या खिडक्या त्याच दिवशी बदलत नाहीत. म्हणून कुणाच्याही सांगण्यावर, अगदी माझ्याही, न जाता ज्या राज्यात जायचं तिथल्या परिषदेचे त्या दिवशीचे नियम पाहून घ्यावेत.

माझ्या भाचीनं ते पाहिले नाहीत. तिच्या मैत्रिणीनं फोनवर सांगितलं, "इथं सिस्टर हव्यातच, तू फक्त ये." ही आली. सोलापूर ते हैदराबाद म्हणजे रेल्वेनं सहा-सात तासांचं अंतर. मुलाखत झाली, बावीस हजार पगार ठरला. रुजू व्हायच्या दिवशी कार्यालयातल्या माणसानं विचारलं, "तेलंगणाचं रजिस्ट्रेशन?" ते नव्हतं. "मग ते येईपर्यंत ट्रेनी म्हणून राहा," तो म्हणाला. पगार बारा हजारांवर आला आणि 'पडताळणीसाठी' म्हणून तिची मूळ प्रमाणपत्रं कपाटात गेली.

इथंच खरी गाठ बसली. नवी नोंदणी करायची तर परिषदेला मूळ प्रमाणपत्रं दाखवावी लागतात, आणि ती रुग्णालयाच्या कपाटात. मागितली की "साहेब सुटीवर आहेत." नोंदणी नाही म्हणून ट्रेनी, आणि ट्रेनी सोडून जाऊ नये म्हणून कागद अडकलेले. काम मात्र पूर्ण नर्सचं. रात्रपाळी बारा तासांची, वॉर्डात पंधरा-सोळा रुग्ण आणि सही दुसरीची. कमी पगार मुली सहन करतात. पण उद्या एखाद्या रुग्णाचं बरंवाईट झालं तर नोंद नसताना काम करणारी मुलगी पहिल्यांदा अडकते आणि रुग्णाच्या नातेवाइकांनाही खरं काय घडलं ते कधी कळत नाही. खोटी सही दोघांनाही फसवते.

कागद कसे सुटले तेही सांगतो. मी हैदराबादला गेलो. आवाज चढवला नाही. कवीचा आवाज चढला तरी कोण ऐकतो? आम्ही साधा अर्ज लिहिला: परिषदेच्या नोंदणीसाठी माझी मूळ प्रमाणपत्रं परत मिळावीत. खाली कागदांची यादी दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मागितला. शिक्का द्यायलाच त्यांनी दोन दिवस घेतले, पण दिला. तोंडी मागणीला उत्तर द्यावं लागत नाही, पोच दिलेल्या कागदाला द्यावं लागतं. तीन आठवड्यांनी प्रमाणपत्रं हातात आली. तिनं राजीनामा दिला. पाच महिन्यांचं अनुभवपत्र मिळालं त्यावर शब्द होता 'ट्रेनी'. ते पाच महिने पुढं कुठंही मोजले गेले नाहीत.

मग आम्ही सगळं पहिल्यापासून, ओळीनं केलं. तो क्रम असा.

आधी स्वतःच्या राज्याचं नोंदणीपत्र नीट वाचायचं. नूतनीकरणाची मुदत संपलेली नाही ना, नाव बरोबर आहे ना. नाव ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सर्वांत जास्त वेळ तीच खाते. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधार कार्डावर शेवटी. आमच्यात कुठं 'शेख' आधी लागतं, कुठं नंतर. कुणाचं लग्न झालेलं असतं, एका कागदावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नवऱ्याचं. इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं असतं. परराज्यातल्या कारकुनाला हे सगळं एकच माणूस आहे, हे कसं कळावं? फरक असेल तर गाव सोडण्यापूर्वीच दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र करून घ्यावं.

दुसरं, नव्या राज्याच्या परिषदेला कोणते कागद हवेत त्याची यादी मिळवायची. साधारणपणे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कोर्सच्या प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका, पदविका किंवा पदवी, शाळेकडून शिक्षणाच्या तासांचा तपशील, शाळा मान्यताप्राप्त असल्याचा पुरावा, ओळखपत्र आणि मूळ नोंदणीपत्र हे लागतं. शाळेकडचा कागद शाळेच्या गावी असतानाच घ्यावा. हैदराबादहून सोलापूरच्या प्राचार्यांना फोन करत बसण्यात काय हशील?

तिसरं, आपल्या परिषदेकडं ना हरकत प्रमाणपत्रासाठी आणि नोंदणीच्या पडताळणीसाठी अर्ज करायचा. ही पडताळणी पुष्कळदा एका परिषदेकडून दुसऱ्या परिषदेकडं परस्पर जाते, आपल्या हातात येत नाही. म्हणून आपण दोन्हीकडं विचारत राहायचं. यात आठवडे जातात, कधी महिने. हा वेळ घरी राहून, इथल्याच एखाद्या दवाखान्यात स्वतःच्या नोंदणीवर काम करत काढावा. परगावी ट्रेनी होऊन काढू नये. भाचीनं ते दोन महिने सोलापुरातल्या एका छोट्या रुग्णालयात काढले. पगार थोडाच होता, पण सही तिची होती.

चौथं, पावत्या, अर्ज क्रमांक, पोचा हे सगळं एका फायलीत. आणि मूळ कागद कुणाच्याही कपाटात ठेवायचे नाहीत. मूळ दाखवायचं, साक्षांकित प्रत द्यायची. कुठं देणं अगदी भागच पडलं तर यादी लिहून, शिक्का घेऊन, परतीची तारीख घालून. 'बॉण्ड' नावाचा कागद पुढं आला तर सही करण्यापूर्वी एक दिवस मागावा आणि तो घरातल्या लिहित्या-वाचत्या माणसाला दाखवावा. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा दलाल भेटला तर त्याला चहा पाजून रस्ता दाखवावा.

आता नोकरी कोणती घ्यावी? पहिल्या नोकरीत मुली बहुधा फक्त पगार आणि होस्टेल विचारतात. आणखी एक गोष्ट विचारावी: रुग्णालय किती खाटांचं आहे? याचं कारण पुढं आहे. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत नर्सिंग ऑफिसरची भरती २०२०पासून 'नॉरसेट' या सामाईक परीक्षेतून होऊ लागली. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीला तिथं अनुभवाची अट नाही. पण जीएनएम झालेल्या मुलीला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, असं त्या जाहिरातींत लिहिलेलं असतं. सातव्या वेतन आयोगात या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे, भत्ते वेगळे. म्हणजे आज वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये दोन हजार जास्त मिळतात म्हणून थांबलेली मुलगी दोन वर्षांनी त्या परीक्षेच्या दाराबाहेर उभी राहते. नेमणूकपत्रावर 'स्टाफ नर्स' हा शब्द, रुजू झाल्याची तारीख आणि पगार, आणि सोडताना अनुभवपत्रावर खाटांची संख्या हे हट्टानं लिहून घ्यावं. राज्य सरकारच्या जागांसाठी मात्र अनेक ठिकाणी त्या राज्याची नोंदणी, रहिवास आणि भाषा पाहिली जाते. त्यामुळं बाहेरून गेलेल्या मुलीची सुरुवात बहुधा खासगी रुग्णालयातच होते.

खासगी पगाराविषयीही एक माहिती ठेवावी. नर्सेसच्या संघटनेच्या याचिकेवर २०१६च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि त्यानंतर केंद्रानं समिती नेमली. समितीनं शिफारस केली, की दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सचा पगार सरकारी नर्सइतका असावा. शंभर ते दोनशे खाटा असतील तर त्याहून फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरपर्यंत फार तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी महिना वीस हजारांच्या खाली नसावा. ही शिफारस आहे, राज्यांनी अंमल करावा अशी. प्रत्यक्षात काय मिळतं ते या मुलींना विचारा. तरी आपल्या कामाची किंमत कागदावर किती मानली गेली आहे हे माहीत असलं की मुलाखतीत मान थोडी ताठ राहते.

मुलाखतीत काय विचारतात ते भाचीनं मला तोंडपाठ करून दाखवलं. औषध देतानाच्या पाच गोष्टी: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग: सुया पांढऱ्या डब्यात, रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, प्लास्टिकच्या नळ्या लाल्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. हृदय थांबलेल्या माणसाची छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायची, तीस दाबांनंतर दोन श्वास. आणि सलाईनचं गणित. ५०० मिलिलिटरची बाटली चार तासांत संपवायची. सेट एका मिलिलिटरला वीस थेंबांचा. मिनिटाला थेंब किती? तिनं मला विचारलं. मी कागद शोधत होतो तोवर तिनं सांगितलं, "पाचशे गुणिले वीस म्हणजे दहा हजार थेंब, चार तास म्हणजे दोनशेचाळीस मिनिटं. बेचाळीस." मग घड्याळाकडं बघत बेचाळीस थेंब कसे सोडायचे तेही दाखवलं. एक मात्रा चुकली तर माझी ओळ लंगडते, तिचा रुग्ण दगावू शकतो. त्या दिवसापासून मी तिच्यासमोर मात्रांविषयी जपून बोलतो.

राहिली भाषा. इथं सोलापूर उपयोगी पडलं. आमच्या शहराच्या पूर्व भागात पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे. मागावर बसायला त्यांचे पूर्वज तेलंगणातून आले. भाचीचे वडील, आमचे दुल्हाभाई, यंत्रमागावर काम करायचे आणि त्यांच्या शेजारच्या मागावर तेलुगू बोलणारे. त्यामुळं 'नीळ्ळू' म्हणजे पाणी, 'मंदू' म्हणजे औषध आणि 'नोप्पी' म्हणजे दुखणं हे शब्द तिच्या कानावरून गेलेले होते. घरातली दखनी जुन्या हैदराबादेतल्या रुग्णांशी जुळली. मराठवाड्यातून उपचारासाठी आलेली माणसं भेटली की मराठीही कामाला आली. ज्या मुलीला यातलं काहीच येत नाही तिनं जाण्यापूर्वी पन्नास शब्द शिकावेत. कुठं दुखतं, कधीपासून, जेवलात का, लघवी झाली का, हात सैल सोडा, घाबरू नका. एवढ्यावर पहिला महिना निघतो; पुढचं रुग्ण शिकवतात.

हे मी लहानपणी पाहिलं आहे. दहा-अकरा वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला होता. वॉर्डात एक मल्याळी सिस्टर होती. तिचं मराठी असं, की 'तू गोळी खाल्ली' ऐवजी ती म्हणायची 'तू गोळी खाल्ला'. मी तापातही हसायचो. एकदा ती गंभीरपणे म्हणाली, "हसून हसून शिकव मला." मी तिला क्रियापदं शिकवली, माझ्या आयुष्यातली पहिली विद्यार्थिनी ती. रात्री ती कपाळावर पट्ट्या ठेवायची. आपलं गाव सोडून हजार मैल दूर आलेली ही बाई रात्री कुणाला फोन करत असेल, तिची आई कशी राहत असेल, असा विचार त्या वयात मनात आला नाही. तो भाची गेल्यावर आला.

कारण माझी आपा, भाचीची आई, सहा महिने नीट झोपली नाही. मुलगी परमुलुखात, रात्रपाळी, लोक काय म्हणतील. 'लोक' या शब्दाला आमच्या मोहल्ल्यात फार वजन आहे. मी तिला म्हणालो, "आपा, तू आजारी पडलीस तेव्हा रात्री तुझं अंग पुसणारी कुणाची तरी मुलगीच होती ना?" ती बोलली नाही. पण तिची भीती खोटी नव्हती. म्हणून आईवडिलांना एवढंच सांगेन: मुलीला अडवू नका, पण तिच्याबरोबर एकदा जा. होस्टेल रुग्णालयाच्या आवारात आहे की बाहेर, रात्री आठला सुटणाऱ्या पाळीनंतर ती कशी परतते, वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरचं नाव काय, हे डोळ्यांनी पाहा. जाण्यायेण्याचा खर्च आणि पहिल्या दोन महिन्यांचे पैसे तिच्या खात्यात ठेवा. गरजू मुलगी कसल्याही कागदावर सही करते. दोन महिने तग धरू शकणारी मुलगी 'नाही' म्हणू शकते.

तेलंगणाचं नोंदणीपत्र आलं तेव्हा भाचीनं त्याचा फोटो मला पाठवला. पुढच्या महिन्यात ती दोनशेहून जास्त खाटांच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून रुजू झाली. परवा पुन्हा तिचा फोन आला, या वेळी सकाळी आठ वाजता, रात्रपाळी संपवून. मी घाबरून विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही मामू. सोळा पेशंट होते, सगळे ठीक आहेत. सोळा चार्टवर सह्या करून आले, आता झोपते."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)